बी.एस्सी.ला असताना उन्हाळी संशोधन प्रकल्प कसा मिळवावा

जीवशास्त्राच्या पदवी विद्यार्थ्याने उन्हाळ्यात दोन महिने खऱ्या प्रयोगशाळेत काम करायचे ठरवले, की सीनियर मंडळींकडून एक सल्ला हमखास मिळतो: शंभर शास्त्रज्ञांना मेल टाक, एखादा तरी होकार देईल. हा सल्ला कृपया ऐकू नका. मी तो ऐकला होता. आता गेली काही वर्षे विद्यार्थ्यांचे असे मेल पाठवण्याआधी तपासून देण्याचे काम माझ्याकडे येते, आणि त्यांतील बहुतेकांत माझीच जुनी चूक मला पुन्हा वाचावी लागते.

गुणपत्रिका, एका पानाचा सीव्ही आणि तुम्हाला खरोखर ओळखणाऱ्या एका प्राध्यापकांचे शिफारसपत्र तयार आहे, असे मी धरून चालतो.

प्रथम रीतसर अर्जांचा मार्ग उरकून घ्यावा. बंगळूरु, नवी दिल्ली आणि प्रयागराज येथील तीन विज्ञान अकादमींची एकत्रित उन्हाळी फेलोशिप, बंगळूरुच्या जवाहरलाल नेहरू सेंटरची फेलोशिप, टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा व्हीएसआरपी (पाहुण्या विद्यार्थ्यांसाठीचा संशोधन कार्यक्रम) आणि मुंबईतील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा एनआययूएस (पदवी विद्यार्थ्यांसाठीचा राष्ट्रीय विज्ञान उपक्रम) हे सर्व उपक्रम संकेतस्थळांवर जाहीर होतात. अकादमींचे अर्ज सहसा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच मागवले जातात. मार्चमध्ये जागे होणाऱ्यांसाठी ते दार तोवर बंद झालेले असते. कोणत्या वर्षाच्या विद्यार्थ्याला कोठे अर्ज करता येतो, हे त्या-त्या वर्षीच्या जाहिरातीतच पाहावे.

दुसरा मार्ग म्हणजे शास्त्रज्ञांना थेट मेल लिहिणे. पुण्यात आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था), एनसीसीएस (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र), एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आणि आघारकर संशोधन संस्था, खारघरला कर्करोग संशोधनाचे ॲक्ट्रेक, परळला प्रजनन आरोग्यावर काम करणारी आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) संस्था आणि समुद्री जीवशास्त्राची ओढ असणाऱ्यांसाठी गोव्यात दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, एवढी ठिकाणे आपल्या आवाक्यात आहेत. अडचण ठिकाणांची नसते, मेलची असते.

तिसऱ्या वर्षाला असताना मी एका रात्रीत साठ मेल पाठवले. मजकूर एकच होता, वरचे नाव तेवढे बदलत होतो, आणि रात्री एकच्या सुमारास तेही बदलायचे राहून गेले. कित्येक महिला शास्त्रज्ञांना मी ‘रिस्पेक्टेड सर’ म्हटले. त्याहून मोठी चूक अशी, की पेपरवर, म्हणजे शोधनिबंधावर, जे नाव पहिले दिसले त्याच व्यक्तीला मी लिहीत होतो. जीवशास्त्रात पहिले नाव सामान्यतः ज्याने हाताने काम केले त्या पीएचडी विद्यार्थ्याचे असते आणि प्रयोगशाळाप्रमुखांचे नाव बहुधा शेवटी येते. त्यामुळे माझे निम्मे मेल शिक्षण संपवून निघून गेलेल्या लोकांच्या बंद खात्यांवर जाऊन परत आले. साठांतून तीन उत्तरे आली. दोन नकाराची होती. तिसऱ्यात एका बाईंनी एवढेच विचारले होते, की आमच्या कामातील नेमके काय तुम्हाला करावेसे वाटते. मी त्यांचा एकही पेपर उघडलेला नव्हता. त्या मेलला मी आजतागायत उत्तर दिलेले नाही.

म्हणून साठ नव्हे, सहा प्रयोगशाळा निवडाव्यात आणि प्रत्येकीसाठी एक आठवडा द्यावा. प्रत्येक प्रयोगशाळेचा गेल्या दोन-तीन वर्षांतील एक पेपर घ्यावा. पबमेड सेंट्रल किंवा बायोआर्काइव्ह या संकेतस्थळांवर पुष्कळसे पेपर फुकट वाचायला मिळतात. तो पहिल्या ओळीपासून वाचत बसू नये, कारण प्रस्तावनेतच दम संपतो. एकच आकृती निवडावी आणि आडव्या अक्षावर काय आहे, उभ्या अक्षावर काय आहे, कंट्रोल (तुलनेसाठी ठेवलेला गट) कोणता, किती प्राणी किंवा किती नमुने मोजले, हे जीवशास्त्र न शिकलेल्या मित्राला सांगता येईपर्यंत तिच्यासमोर बसावे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एखादा प्रश्न आपोआप पडतो. तो प्रश्न म्हणजेच तुमचा मेल. बाकी सगळा मजकूर त्याच्याभोवतीचे वेष्टन असते.

मेल इंग्रजीतच लिहावा लागतो, पण आशय कळावा म्हणून मधला परिच्छेद मराठीत देतो. समजा, ती प्रयोगशाळा फळमाश्यांवर काम करते: ‘आपल्या पेपरमधील तिसऱ्या आकृतीत २४ तास उपाशी ठेवलेल्या माश्यांची हालचाल वाढलेली दिसते, मात्र मोजमाप केवळ नरांचे आहे. अंडी घालणाऱ्या माद्यांची अन्नाची गरज बदलती असल्यामुळे त्या वगळल्या असाव्यात, असा माझा अंदाज आहे. समागम न झालेल्या माद्या घेतल्यास हीच वाढ दिसेल का?’ हा अंदाज चुकीचा निघाला तरी बिघडत नाही. तुम्ही आकृती पाहिली आहे, हे त्यातून कळते, आणि ते सिद्ध करण्याचा दुसरा कोणताही उपाय मला आजवर सापडलेला नाही.

त्याच्या आधी दोन वाक्यांत आपले वर्ष, विषय आणि महाविद्यालय सांगावे. नंतर कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत येता येईल ते स्पष्ट लिहावे. ‘उन्हाळ्यात कधीही’ हे उत्तर नव्हे. सगळा मजकूर दोनशे शब्दांच्या आत बसला पाहिजे. लहानपणापासूनची जीवशास्त्राची आवड, ‘आपली नामांकित संस्था’ आणि मानवजातीची सेवा ही तिन्ही वाक्ये मी सरसकट खोडतो. प्रात्यक्षिकात सरांनी पीसीआर (डीएनएच्या असंख्य प्रती काढण्याची पद्धत) करून दाखवला असेल, तर तो तुम्हाला येतो असे लिहू नये. मुलाखतीत प्रायमरबद्दलच्या (त्यासाठी लागणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्याबद्दलच्या) पहिल्याच प्रश्नाला हे उघडे पडते. एआयकडून लिहून घेतलेला मेल मला चौथ्या ओळीपर्यंत ओळखू येतो. शास्त्रज्ञांकडे तर असे मेल ढिगाने येत असणार. व्याकरण तपासून घ्यायला हरकत नाही, पण प्रश्न स्वतःचाच हवा.

उत्तर न आल्यास दहा दिवसांनी त्याच मेलखाली दोन ओळींची एकच आठवण द्यावी. त्यानंतर गप्प राहावे. फोन करू नये आणि संस्थेच्या फाटकावर जाऊन तर मुळीच उभे राहू नये.

पंधरा दिवसांच्या ‘संशोधन इंटर्नशिप’साठी हजारो रुपये मागणाऱ्या खासगी कंपन्यांबद्दल माझे मत ठाम आहे: तेथे ठरलेले प्रयोग ठरलेल्या क्रमाने करून घेतात आणि प्रमाणपत्र देतात. त्याला प्रशिक्षण म्हणता येईल, संशोधन म्हणता येणार नाही. काही सरकारी संस्थाही प्रकल्पासाठी शुल्क घेतात, पण तेथे तुमच्या हाती उत्तर आधी माहीत नसलेला प्रश्न येऊ शकतो. फरक तेवढाच, आणि तो पुरेसा आहे.

चार वर्षांच्या नव्या पदवीत संशोधनासह ऑनर्स घ्यायचे असल्यास यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात. चौथ्या वर्षाचा प्रकल्प महाविद्यालयातच करायचा असला, तरी मार्गदर्शकांकडे जाताना वरीलप्रमाणे एक पेपर वाचूनच जावे.

होकार आला, की बहुधा ऑनलाइन बोलणे होते. काय येत नाही, हे तेथे न लाजता सांगावे. महाविद्यालयाचे ना हरकत पत्र लगेच मागून घ्यावे, कारण परीक्षांच्या दिवसांत कार्यालयातून कोणताही कागद वेळेवर निघत नाही. राहण्याची सोय संस्था करणार की आपल्याला करावी लागणार, हे मात्र होकार कळवण्याआधीच विचारून घ्यावे. पुण्यात मे महिन्यात दोनच महिन्यांसाठी खोली शोधणे हा स्वतंत्र प्रकल्प असतो.