अननस भाजताना या चुका टाळा

भाजलेला अननस आणि सोबत गार चक्का. उन्हाळ्यात पाहुण्यांसमोर ठेवायला याहून सोपं गोड मला तरी माहीत नाही. एक मध्यम अननस, चमचाभर साजूक तूप, थोडी काकवी, चिमूटभर मीठ, वाटीभर चक्का. संपली यादी. तरीही दर मे महिन्यात मला फोटो येतात. बाहेरून काळ्या, आतून लिबलिबीत चकत्या आणि खाली प्रश्न, "काकू, काय चुकलं?" चुकलेलं दरवेळी तेच असतं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आणि फळ भाजायचं म्हणजे काहीतरी परदेशी थेर, असं म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी भाजलेल्या कैरीचं पन्हं आठवावं. निखाऱ्यात कैरी भाजणाऱ्या आजीला कोणी कोर्स करायला पाठवलं नव्हतं.

साखर आधी लावून ठेवणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक. हल्ली सगळं 'मॅरिनेट' करायची टूम निघाली आहे. पनीर करा, कोंबडी करा, पण अननस?

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर एका शनिवारी रात्री बार्बेक्यू ठरला. गोडाची जबाबदारी तिसऱ्या मजल्यावरच्या नवीन जोडप्याने हौसेने घेतली. पोरं कामाची, उत्साही. दुपारी दोनलाच अननस कापून त्याला साखर, लिंबू आणि दालचिनी पूड चोळून मोठ्या डब्यात भरून ठेवला होता. मी विचारलं, "हे आत्तापासून कशाला?" तर उत्तर मिळालं, "काकू, मुरायला नको का?" मुरायला ते लोणचं आहे का?

रात्री आठला डबा उघडला तेव्हा चकत्या स्वतःच्याच पाकात तरंगत होत्या. साखर फळातलं पाणी बाहेर ओढते, हे आंब्याच्या साखरंब्यापासून आवळ्याच्या मोरावळ्यापर्यंत आपल्या घरात सगळ्यांनी पाहिलेलं असतं. पण रील बघून केलं की ते आठवत नाही. त्या ठिबकत्या चकत्या जाळीवर गेल्या. पाक निखाऱ्यांवर गळला, भडका उडाला, वर काजळी धरली. दालचिनीची पूड तर पहिल्या मिनिटातच करपून कडू झाली. आतला अननस मात्र उकडलेल्या भोपळ्यासारखा. पोरांनी तो आइस्क्रीमखाली लपवून वाढला आणि सगळ्यांनी आइस्क्रीम खाल्लं.

कारण सरळ आहे. फळाच्या अंगावर पाणी आहे तोवर तिथलं तापमान 100 अंशांच्या पुढे जात नाही. साध्या साखरेला तांबूस रंग आणि तो खमंग वास यायला 160 अंशांच्या आसपास जावं लागतं. म्हणजे ओली चकती आधी उकडते, आणि ती कोरडी होईपर्यंत आत काही शिल्लक राहत नाही. म्हणून मी अननस कापल्यावर चकत्या जुन्या सुती पंचावर पसरते, वरून दुसरा पंचा दाबते आणि पंधरा-वीस मिनिटं तशाच सोडते. मग तुपाचा हात. तूप चकत्यांना लावायचं, जाळीला नाही. साखर अजिबात नाही, पिकलेल्या अननसात ती पुरेशी असते. काकवी लावायची ती चकती उतरवल्यावर, गरम असतानाच. मध लावायचा हट्ट असेल तर तोही तेव्हाच, कारण मधातलं फ्रुक्टोज साध्या साखरेच्या कितीतरी आधी करपतं. दालचिनी, मिरपूड, जे काही भुरभुरवायचं ते ताटात.

चकत्यांची जाडी

अर्धा इंच ते पाऊण इंच. पातळ केल्यात तर उलटताना तुटतात, जाड केल्यात तर आतून कच्च्या राहतात आणि त्याचा त्रास पुढे चक्क्याला होतो (त्यावर खाली येतेच आहे). मधला दांडा आधी काढू नका. चकती धरून ठेवायचं काम तोच करतो. भाजून झाल्यावर काढा.

सारखं उलटंपालटं करणं

चिमटा खाली ठेवा.

हे एवढंच लिहिणार होते, पण लोक ऐकत नाहीत. चकती टाकली की ती चिकटते, हे बरोबरच आहे. तिचा खालचा भाग नीट भाजला की ती आपोआप सुटते. तुम्ही अर्ध्या मिनिटात उचकटायला गेलात तर अर्धी चकती जाळीवर राहते, अर्धी तुमच्या हातात, आणि मग "तवा खराब आहे" म्हणून ओरड. मध्यम ते मोठ्या आचेवर एका बाजूला तीन-चार मिनिटं. तोवर चक्का फेटा, वाट्या मांडा, फोनवर बोला.

घाईचा कोळसा

कोळशाची शेगडी वापरणार असाल तर निखाऱ्यांवर पांढरी राख धरेपर्यंत त्यावर काहीही ठेवायचं नाही. ज्वाळा दिसतात तोवर तो कोळसा अजून पेटतोच आहे, भाजायला तयार झालेला नाही. पेटवायला थिनर, पेट्रोल, सॅनिटायझर असलं काही ओतणाऱ्यांना मी गच्चीवरून खाली पाठवते. एक तर भाजून घ्याल, दुसरं म्हणजे अननस स्पंजासारखा वास ओढतो. कोकणातल्या माणसाला यात काही शिकवावं लागत नाही. नारळाची वाळलेली सोडणं आणि दोन करवंट्या, एवढ्यावर शेगडी पेटते, आणि करवंटीचा निखारा टिकतोही चांगला.

ज्या जाळीवर आत्ताच बांगडे किंवा तंदुरी कोंबडी भाजली तिच्यावर अननस ठेवू नका. 'कपड्याने पुसली' म्हणजे धुतली नव्हे.

शेगडी नाही, तर तवा

शेगडी नसली तरी काही अडत नाही. बिडाचा तवा उत्तम. चांगला तापवा, पाण्याचा थेंब टाकला की नाचत उडून गेला पाहिजे, मग चकत्या ठेवा. गर्दी करू नका, एका वेळी तीन फार झाल्या. दाटीवाटी केली की वाफ धरते आणि पुन्हा उकडणंच होतं. काम झालं की तवा लगेच धुऊन, पुसून, तेलाचा हात लावून ठेवायचा, कारण अननसाचा आंबटपणा तव्याचा रापलेला थर खातो. नॉनस्टिक तवा रिकामा ठेवून मोठ्या आचेवर तापवायचा नसतो, त्याचा लेप 260 अंशांच्या पुढे बिघडू लागतो. सँडविच टोस्टरमध्ये झाकण दाबून करणाऱ्यांनी सरळ अननसाचा शिरा करावा. वेळही वाचेल, अननसही.

चक्का पातळ आणि कडू होणं

दुसरी माझी आवडती तक्रार. आवडती अशासाठी, की यात दोष नेहमी भलत्यालाच मिळतो.

माझ्या नणंदेने भाच्याच्या केळवणाला अननसाचं श्रीखंड करायचं ठरवलं. आदल्या रात्री चक्का साखर घालून फेटला, त्यात ताज्या अननसाचे बारीक तुकडे कालवले आणि पातेलं फ्रिजमध्ये. सकाळी पातेल्यात श्रीखंड नव्हतं, ताकासारखं काहीतरी होतं, आणि जिभेवर स्पष्ट कडू. तिने थेट डेअरीवाल्याला फोन लावला. तो बिचारा "वहिनी, कालचाच ताजा माल आहे हो," म्हणत राहिला. खरंच ताजा होता.

ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं विकर (एन्झाइम) असतं. ते प्रथिनं तोडतं. चक्क्याचा घट्टपणा प्रथिनांवरच उभा असतो, त्यामुळे रात्रभरात तो विरघळून पातळ होतो, आणि तुटलेल्या प्रथिनांचे तुकडे कडू लागतात. खूप अननस खाल्ल्यावर जीभ चुरचुरते त्यातही याच विकराचा हात असतो. डब्यातल्या अननसाने असं होत नाही, कारण डबाबंद करताना तो तापवलेला असतो. बेकरीच्या पेस्ट्रीत म्हणूनच डब्यातला चालतो. ताज्या अननसावर जिलेटिन घालून जेली करायला गेलात तर ती बसणार नाही, चायना ग्रासची मात्र बसेल, कारण त्यात प्रथिनंच नाहीत. पपईचीही हीच गंमत आहे, तिच्यात पपेन.

आता भाजल्याने हे विकर मरतं, पण चकती आतपर्यंत तापली तरच. साधारण 80 अंशांच्या आसपास त्याचा जोर संपतो. फोटोसाठी नुसत्या काळ्या रेघा उमटवून उतरवलेली चकती आतून कच्चीच असते. मी भाजलेला अननससुद्धा चक्क्यात कालवत नाही. चक्का वेगळ्या वाटीत, फ्रिजमधून थेट, किंचित साखर आणि वेलची घालून. गरम चकती ताटलीत, चक्क्याचा गोळा शेजारी. खाणाऱ्याने आपापलं बघावं. विकतचं श्रीखंड यावर नको, गोडावर गोड होतं. चक्क्याचा आंबटपणाच इथे हवा असतो.

आइस्क्रीम घ्यायचं तर डब्यावर 'फ्रोझन डेझर्ट' लिहिलंय का ते वाचून घ्या. त्यात दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल असतं आणि गरम चकतीवर ते तेलकट ओघळतं.

फळाची निवड

अननस घरी ठेवून गोड होत नाही. झाडावरून उतरवल्यावर साल पिवळी होईल, थोडा मऊ पडेल, पण गोडी वाढणार नाही. केळ्या-आंब्यासारखा स्टार्चचा साठा त्याच्याकडे नाही. म्हणून विकत घेतानाच बुडाशी वास घ्या आणि हातात जड लागतो का बघा. वरचं पान सहज निघालं म्हणजे पिकला, यावर मी विसंबत नाही. गाडीवरचा कापून बर्फावर ठेवलेला अननस तिखटमीठ लावून खायला छान, भाजायला नाही.

राहता राहिला हापूस. दरवर्षी कोणीतरी विचारतंच, म्हणून सांगते: पिकलेला हापूस भाजू नका. तो तव्यावर विरघळतो, आणि जे उरतं ते आमरसापेक्षा वाईट लागतं. एवढे पैसे मोजून तोंडची चव कशाला घालवायची? आंबाच भाजायचा असेल तर जरा करकरीत तोतापुरी घ्या. राजेळी केळी मात्र जरूर भाजा. साल काढून, उभी चिरून, तुपावर, कापलेली बाजू खाली. त्यांना चिकटायची खोड कमी आणि काकवीशी त्यांचं अननसापेक्षाही चांगलं जमतं.

उरलेल्या चकत्या दुसऱ्या दिवशी पुन्हा गरम करू नका, चामट होतात. दांडा काढून बारीक चिरा आणि शिऱ्यात घाला. साखर नेहमीपेक्षा थोडी कमी.