वजनाच्या ऑपरेशननंतर बाजारातून काय आणायचं

वजन कमी करायचं ऑपरेशन झालं की चार घासांतच पोट भरतं. म्हणून आधी प्रथिनं, मग भाजी, जागा उरली तरच भाकर. दिवसाला निदान 60 ग्रॅम प्रथिनं लागतात. एका अंड्यात 6 ग्रॅम असतात, 100 ग्रॅम कोरड्या मूगडाळीत 24 च्या आसपास. आठवडी बाजारातून या दोन गोष्टी आधी घ्या. मूगडाळ मऊ शिजवून घोटायची, वरून थोडा सांभार (म्हणजे कोथिंबीर), तेल-तिखट नावालाच. सुरुवातीच्या आठवड्यांत याच्यासारखं सोयीचं काही नाही. सोयावडी डॉक्टरांनी नरम जेवण सुरू करायला सांगितल्यावरच, तीही बारीक करून.

पाणी जेवताना नको, जेवणानंतर अर्ध्या तासानं घोट-घोट. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पातळ, बिनसाखरेचं ताक घरात हवंच. शरबताच्या बाटल्या, गूळ, सोनपापडी मात्र आणूच नका; गोडानं काहींना धडधड, घाम, जुलाब होतात, फार हाल होतात हो.

व्हिटॅमिनच्या गोळ्या आयुष्यभराच्या. गावात त्या मिळतीलच असं नाही, म्हणून तालुक्याहून महिन्याभराच्या आणून ठेवा. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांत दोन तासांचं अंतर ठेवा, आणि लोहाची गोळी चहासोबत घेऊ नका.