कार्यक्रम सांभाळून घरी गिटार शिकवायला सुरुवात कशी करावी

गणपती ते नवरात्र कार्यक्रमांची रांग, तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई आणि पावसाळा लागला की हात रिकामे. ऑर्केस्ट्रात, लग्नात, रिसेप्शनला गिटार वाजवणाऱ्याचं वर्ष साधारण असंच जातं. त्या रिकाम्या महिन्यांत घरी क्लास काढावासा वाटतो, आणि तो काढावाच. मात्र क्लास पावसाळ्यापुरता काढून सुपाऱ्या (कार्यक्रमांची बोलावणी) सुरू झाल्या की बंद केला, तर पुढच्या वर्षी कोणी येत नाही. म्हणून बाराही महिने निभेल एवढाच क्लास सुरू करा.

आधी वेळ ठरवा

सर्वांत आधी वेळापत्रकात स्वतःचा रियाज लिहा. रात्री कार्यक्रम करून उशिरा झोपणाऱ्याला पहाट झेपत नाही, तेव्हा सकाळी दहा ते बारा ही वेळ स्वतःची ठेवा. शुक्रवार ते रविवार कार्यक्रम, साउंड चेक आणि नातेवाईक यांतच जातात. क्लास सोमवार ते गुरुवार, संध्याकाळी पाच ते आठ या वेळेत बसवा. मुलं शाळेतून आलेली असतात आणि शेजाऱ्यांनाही त्रास होत नाही. घरात अॅम्प (आवाज मोठा करणारं यंत्र) लावू नका; शिकवायला साधी, विजेशिवाय वाजणारी अकूस्टिक गिटार पुरते.

हे वेळापत्रक घरच्यांना आणि नातेवाइकांना स्पष्ट सांगा. आपण दिवसा घरी दिसतो, त्यामुळे मावशी-आत्यांना आपण मोकळेच वाटतो. ‘रविवारी या, जेवायलाच या’ असं आपणहून म्हटलं की मंगळवारी संध्याकाळी अचानक बेल वाजण्याचं प्रमाण कमी होतं. तरी कोणी आलंच तर क्लास सोडून उठू नका. पाहुण्यांना बसवा, किती वाजता मोकळे व्हाल ते सांगा आणि परत आत जा. शिकायला आलेल्या मुलाला खाऊ घालायची हौस असेल तर पोहे क्लासनंतर द्या. तेलकट बोटांनी तारा लवकर खराब होतात.

फी

महिन्याची फी महिन्याच्या सुरुवातीला घ्या. आठवड्याला दोन म्हणजे महिन्याला आठ क्लास. तुमच्यामुळे बुडालेला क्लास भरून द्या, न कळवता गैरहजर राहिलेल्याचा देऊ नका. हे पालकांना पहिल्याच भेटीत सांगितलं की पुढे वाद होत नाहीत. भाच्या-पुतण्यांचा प्रश्न नाजूक असतो. सुट्टीत आलेल्या भाच्याला दोन कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह) प्रेमानं शिकवा, पण तो नियमित येणार असेल तर त्याच्याकडूनही फी घ्या, हवी तर कमी. फुकटच्या क्लासला दांडी मारायला कोणालाच काही वाटत नाही, आणि मग त्या मुलाचंच शिकणं राहून जातं.

पहिला महिना

सुरुवातीला एका वेळी एकच विद्यार्थी घ्या. सहा जणांच्या सहा गिटारी सुरात लावण्यातच अर्धा क्लास निघून जातो. आलेल्या मुलाची गिटार आधी स्वतः वाजवून पाहा. अकूस्टिकवर बाराव्या फ्रेटपाशी (फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरची आडवी धातूची पट्टी) जाड तार फ्रेटपासून साधारण अडीच मिलिमीटरपेक्षा बरीच वर असेल तर दाबायला जड जाते. दुकानातून ती खाली करून आणायला सांगा. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला थ्री-क्वार्टर (लहान आकाराची) गिटार बरी.

पहिल्या दिवशी कॉर्ड नको. जाड तारेकडून ई, ए, डी, जी, बी, ई अशा तारा ओळखायला आणि ट्युनरवर (सूर दाखवणाऱ्या यंत्रावर) सुरात लावायला शिकवा. मग एकाच तारेवर सरगम. मोकळी तार सा धरली की रे दुसऱ्या फ्रेटवर, ग चौथ्यावर, म पाचव्यावर, प सातव्यावर, ध नवव्यावर, नी अकराव्यावर आणि वरचा सा बाराव्यावर. म आणि नी गाळले की भूप रागाचे स्वर होतात. आपल्याकडच्या मुलांच्या कानावर पेटी आणि आरत्या असतातच. ओळखीची चाल पहिल्या आठवड्यातच स्वतःच्या हातातून निघाली की मूल गिटार खाली ठेवायला तयार होत नाही. मला शिकवण्यातला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

कॉर्ड दुसऱ्या आठवड्यापासून. ई मायनरला दोनच बोटं लागतात, तिथून सुरुवात करा. मग ए मायनर, डी, जी. एका बोटानं अनेक तारा दाबाव्या लागणाऱ्या एफची घाई नको, त्या एका कॉर्डपायी कित्येक जण गिटार सोडतात. बोटांची टोकं सुरुवातीचे दोन-तीन आठवडे दुखतात, म्हणून घरी एकदम तासभर बसण्यापेक्षा दहा-दहा मिनिटं दोनदा वाजवायला सांगा. स्ट्रमिंगसाठी (तारांवरून लयीत हात फिरवण्यासाठी) केरव्याच्या आठ आणि दादऱ्याच्या सहा मात्रा हातानं टाळी देत म्हणून घ्या, मग तोच हात तारांवर आणा.

पाहुण्यांसमोर

घरी पाहुणे आले की ‘वाजव ना काहीतरी’ होणारच. दोन-तीन गाणी कायम तयार ठेवा आणि गाणाऱ्याला स्वर विचारा. काकू ‘काळी दोन’ (पेटीच्या सप्तकातली दुसरी काळी पट्टी) म्हणाल्या तर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) पहिल्या फ्रेटवर लावून डीच्या आकारात, म्हणजे डी स्वराचं गाणं असल्यासारखे कॉर्ड धरून, वाजवा. काळी एकला कॅपो तिथेच ठेवून सीच्या आकारात. पांढरी चारला पाचव्या फ्रेटवर लावून पुन्हा सीच्या आकारात. हाच हिशेब विद्यार्थ्यांनाही शिकवा, घरच्या भजनात त्यांना लगेच साथ करता येते. ‘आमच्या मुलाला शिकवाल का?’ असं विचारणारे पहिले पालकही बहुधा अशाच बैठकीत भेटतात.

सुट्ट्या

मार्चमध्ये परीक्षा आणि मे महिन्यात गाव, त्यामुळे वर्ग विरळ होतो. हे आधीच धरून चला, त्या महिन्यांची फी खर्चासाठी गृहीत धरू नका. तुम्हीही गावी जा आणि गिटार बरोबर न्या, पण गाडीच्या डिकीत उन्हात ठेवू नका. तापून ब्रिज (तारा अडकवलेली पट्टी) सुटू शकतो. पावसाळ्यात तारांना गंज चढतो, म्हणून वाजवून झाल्यावर सुती फडक्यानं पुसायची सवय सगळ्यांना लावा. नवे विद्यार्थी जूनच्या शेवटच्या आठवड्यात घ्या. तोवर शाळा आणि शिकवण्यांच्या वेळा ठरलेल्या असतात.