डिस्क दिसतेय पण पार्टिशन गायब? फॉरमॅट करायच्या आधी हे बघा

लिनक्सवर डिस्क लावली, /डेव्ह मध्ये (इथे प्रत्येक डिव्हाइसची एक फाइल, म्हणजे नोड, असते) एसडीबी म्हणजे अख्खी डिस्क आली पण एसडीबी१ म्हणजे तिच्या पहिल्या पार्टिशनचा पत्ताच नाही, असं झालं तर घाबरून नवीन पार्टिशन टेबल (कुठलं पार्टिशन डिस्कवर कुठे आहे याची यादी) अजिबात बनवू नका, डेटा बहुतेक वेळा जागच्या जागी असतो. आधी गाडी कुठे अडलीये ते शोधा.

सुडो एफडिस्क -एल थेट डिस्कवरचं टेबल वाचतं, आणि /प्रॉक/पार्टिशन्स फाइलमध्ये कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) काय माहितीये ते कळतं. एफडिस्कला पार्टिशन दिसतंय पण कर्नलला नाही, तर कर्नलने टेबल परत वाचलेलं नाहीये, सुडो पार्टप्रोब /डेव्ह/एसडीबी मारा, बऱ्याचदा तेवढ्यावर काम होतं. त्याच डिस्कचं दुसरं पार्टिशन माउंट (वापरासाठी जोडलेलं) असेल आणि टेबल परत वाचायला लावणारं ब्लॉकडेव्ह --रीरीडपीटी बिझी म्हणून अडून बसत असेल तर पार्टएक्स -यू वापरा, ते एकेक पार्टिशन कर्नलला कळवतं, रीबूटची गरज नाही.

कर्नलला दिसतंय पण /डेव्ह मध्येच नाही असं आजकाल क्वचित होतं, झालं तर तुम्ही सीएचरूट किंवा कंटेनरच्या (मुख्य सिस्टिमपासून वेगळ्या केलेल्या वातावरणाच्या) आत आहात का ते बघा, तिथलं /डेव्ह वेगळं असतं. आणि नोड येऊन लगेच परत जात असेल तर मल्टिपाथ (एकच डिस्क अनेक मार्गांनी जोडायची सोय) चालू आहे का बघा, मग तुमचं पार्टिशन /डेव्ह/मॅपर मध्ये सापडेल.

आता माझ्यावर आलेला प्रसंग सांगतो, कारण यात लोक हमखास डेटा घालवतात. यूएसबी एन्क्लोजर (डिस्कची बाहेरची पेटी) बंद पडलं म्हणून आतली डिस्क काढून साटा केबलने जोडली, तर एसडीबी१ नाहीच, आणि एफडिस्कमध्ये फक्त ईई टाइपचं एकच पार्टिशन, म्हणजे डिस्कवर जीपीटी प्रकारचं टेबल आहे एवढंच सांगणारी खूण. पार्टप्रोब करून काही उपयोग नाही. झालं असं होतं की ते एन्क्लोजर डिस्क ४०९६ बाइटचे सेक्टर (डिस्कच्या जागेचे लहान तुकडे) म्हणून दाखवत होतं आणि साटावर तीच डिस्क ५१२ ची. जीपीटी हेडर, म्हणजे त्या टेबलाची माहिती, सेक्टर १ वर असतो (मोजणी ० पासून), म्हणजे लिहिलेला बाइट ४०९६ वर आणि कर्नल शोधतोय बाइट ५१२ वर, मग सापडणार कसा!

यावर लूप डिव्हाइस (फाइल किंवा डिस्क वेगळी डिस्क म्हणून दाखवणारं आभासी डिव्हाइस) कामाला येतं:

सुडो लोसेटअप -आर -पी -एफ --शो --सेक्टर-साइझ ४०९६ /डेव्ह/एसडीबी

-आर म्हणजे फक्त वाचायचं, तो विसरू नका. -पी (कॅपिटल) मुळे पार्टिशन्स शोधली जातात. कमांड लूपचं नाव छापते, समजा लूप०, की /डेव्ह/लूप०पी१ तयार, मधला पी लक्षात ठेवा. ते रीड-ओन्ली माउंट करा, ईएक्सटी४ फाइलसिस्टिम असेल आणि जर्नलवरून (बदलांच्या नोंदवहीवरून) माउंट नाकारत असेल तर नोलोड ऑप्शन द्या. मग सगळा डेटा दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा, दोनचार मोठ्या फाइल उघडून बघा, आणि त्यानंतरच जुनी डिस्क ५१२ वर नव्याने पार्टिशन करायला घ्या.