रोबोच्या कथेत माणूस सुटून जातो : या चुका टाळा

नाशिकमधल्या नव्या लेखकांच्या विज्ञानकथा मी आवडीने वाचतो. त्यांतल्या रोबोच्या कथा बहुतेक वेळा एकाच जागी फसतात. रोबो चांगला की वाईट यात लेखक इतका गुंततो, की त्या रोबोला हुकूम देणारा माणूस अलगद सुटून जातो. नीतीचा प्रश्न खरं तर त्याचाच असतो.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे अमेरिकन विज्ञानकथाकार आयझॅक असिमॉव्हचे रोबोंसाठीचे तीन नियम विज्ञानाचे नियम समजून वापरणं. माणसाला इजा करू नये, माणसाची आज्ञा पाळावी, स्वतःला जपावं, हे नियम त्याने १९४२ सालच्या ‘रनअराउंड’ या कथेत पहिल्यांदा स्पष्ट मांडले. आपल्याकडे रोबो ते घडाघडा म्हणून दाखवतो आणि पेच सुटतो. मूळ कथेत पेच पडतो तोच नियमांमुळे! बुध ग्रहावर सेलेनियम आणायला धाडलेला रोबो सेलेनियमच्या तळ्याभोवती घिरट्या घालत राहतो, कारण तळ्याजवळ त्याला धोका असतो; पुढेही जात नाही, मागेही फिरत नाही. आज्ञा सहज, फार जोर न देता दिलेली असते आणि रोबो महागडा म्हणून स्वतःला जपण्याचा नियम मुद्दाम कडक केलेला असतो. दोन्ही निर्णय माणसांचे. शेवटी एक माणूस स्वतःचा जीव धोक्यात घालतो, तेव्हा कुठे पहिला नियम जागा होतो.

खऱ्या रोबोत असे नियम नसतात. नाशिकच्या अंबड-सातपूरच्या कारखान्यांत काम केलेल्या कुणालाही विचारा. वेल्डिंगचा रोबो जाळीच्या कुंपणात असतो, दार उघडलं की दारावरची चावी स्विचमधून निघते आणि हा सुरक्षा-स्विच, म्हणजे इंटरलॉक, त्याला थांबवतो. त्याला माणूस कळत नाही, दाराचा स्विच कळतो. आता सेकंड शिफ्टला टार्गेट मागे पडलंय, दार सारखं उघडावं लागतंय आणि कुणीतरी स्विचमध्ये सुटी चावी अडकवून ठेवलीय. मशीनच्या लेखी दार बंद. सुपरवायझरने ती चावी बघितली आणि तो पुढे निघून गेला. आत उतरणारा मुलगा ठेकेदाराचा, कामावर लागून आठवडाही झालेला नाही. ही कथा लिहा ना! यंत्रांचं बंड कशाला हवं? ते चेक लेखक कारेल चापेकच्या ‘आर.यू.आर.’ या नाटकात १९२१ सालीच प्रागच्या रंगमंचावर होऊन गेलंय.

दुसरी अडचण शेवटाची. लेखकाला मार्ग सापडला नाही की रोबोच्या डोळ्यांत पाणी येतं. असं झालं तर दोन पानं मागे जा आणि रोबोला त्याच्या कामाचा एक साधा प्रश्न विचारू द्या. समजा, निफाडची द्राक्षबाग आहे. तोडणी आठवड्यावर आलीय आणि अवकाळी पाऊस झालाय. फवारणी करावी तर औषधाचा प्रतीक्षा काळ, म्हणजे फवारणी आणि तोडणी यांत सोडायचे दिवस, मोडतो; न करावी तर बाग हातची जाते. माल युरोपला जायचाय, तिथे औषधाचे अंश तपासले जातात. सोसायटीचं कर्ज डोक्यावर आहे. बागेचे मालक अण्णा म्हणतात, “मार फवारा.” रोबो फवारणी करतो, परत येतो आणि विचारतो, “अण्णा, फवारणीच्या वहीत तारीख कोणती टाकू?”

इथे थांबा. रोबोला अपराधी वाटायला लावू नका, औषधांवर माहिती सांगायला लावू नका. अण्णांनी काय उत्तर दिलं आणि ते देताना घरातलं कोण ऐकत होतं, एवढंच लिहा.

आकडे फुगवून नीती खोल होत नाही, हेही सांगायला हवं. ‘एकाला मारून हजार वाचवावेत का’ हा पेच घेऊन येणारे पुष्कळ असतात. पण २००३ च्या सिंहस्थात नाशिकला चेंगराचेंगरीत ३९ माणसं गेली. २०२७ च्या सिंहस्थावर लिहिताना गर्दी मोजून फाटक बंद करणारं यंत्र दाखवायचं असेल, तर फाटकाच्या अलीकडे राहिलेली आजी आणि पलीकडे गेलेला नातू दाखवा. मग ‘इतकी माणसं झाली की बंद’ हा आकडा यंत्रात कुणी भरला, त्या अधिकाऱ्याकडे जा.

कथा तरीही अडली तर रोबोच्या जागी पगारी गडी ठेवून ती पुन्हा वाचा. निफाडच्या बागेतला गडी घाबरेल, नाही म्हणेल, गप्प बसायचे पैसे मागेल किंवा “जाऊ द्या अण्णा, सगळेच करतात” म्हणून धीर देईल. रोबो यातलं काहीच करत नाही. त्यामुळे खोटी तारीख अण्णांना एकट्यानेच सांगावी लागते. तुमच्या कथेत गडी आणल्याने असा काहीच फरक पडत नसेल, तर रोबो काढून टाका आणि सरळ गड्याची कथा लिहा.