डिस्चार्ज कार्डावरची ‘पाच दिवसांची गोळी’ कशी थांबवायची

मी सांगलीतल्या एका दीडशे खाटांच्या रुग्णालयात क्लिनिकल फार्मासिस्ट आहे. वॉर्डात अँटिबायोटिकवर सगळ्यांचं लक्ष असतं, राउंडला सर स्वतः विचारतात, “आज कितवा दिवस?” पण पेशंट घरी निघाला की त्याच्या कार्डाकडे कुणी बघत नाही. आरएमओ, म्हणजे वॉर्डातला निवासी डॉक्टर, ते लिहितो सकाळी अकराला, कानाला विम्यावाल्यांचा फोन लावून. मागच्या पेशंटचं कार्ड उघडायचं, नाव बदलायचं. खाली ‘सेफिक्झिम २००, १-०-१, पाच दिवस’ ही अँटिबायोटिकची गोळी तशीच राहते. त्या पोराला दोष देण्यात अर्थ नाही, मीही त्या गर्दीत तेच केलं असतं.

म्हणून पहिलं काम वेळ बदलणं. अकराला तुमचं कुणी ऐकणार नाही, तेव्हा बिल झालेलं असतं आणि गाडी खाली उभी असते. आदल्या दिवशी चार-साडेचारला सिस्टरना विचारा, “उद्या कोण कोण जाणार?” पाच-सहा नावं मिळतात. त्यातली अँटिबायोटिक चालू असलेली बाजूला काढा आणि फाइल घेऊन बसा.

आता दिवस मोजा, अगदी बोटांवर. गेल्या पावसाळ्यात न्यूमोनियाचे एक आजोबा होते. सोमवारी रात्री सेफ्ट्रायॅक्झोन या अँटिबायोटिकचं पहिलं इंजेक्शन, बुधवारी ताप गेला, शनिवारी डिस्चार्ज. कार्डावर पुन्हा पाच दिवस सेफिक्झिम. का? तर इंजेक्शनचे दिवस वेगळे आणि गोळीचे वेगळे, असं आपल्या डोक्यात बसलेलं असतं. जंतूंना तो फरक कळत नाही. सोमवार ते शुक्रवार पाच दिवस झाले होते, ताप जाऊन दोन दिवस उलटले होते, श्वास आणि ऑक्सिजन ठीक होता. साध्या न्यूमोनियाचा कोर्स तिथेच संपला. शिवाय सेफिक्झिम म्हणजे ‘सेफ्ट्रायॅक्झोनची गोळी’ नव्हे. स्टॅफ जातीच्या जंतूंवर ते चालत नाही, न्यूमोकोकस या न्यूमोनियाच्या जंतूवरही त्याचा भरवसा कमी. दिवस खरंच उरले असतील तर गोळी तरी नीट निवडा.

माझ्या खिशातल्या चिठ्ठीवर एवढंच आहे, आणि प्रत्येक आकड्याला ‘पेशंट सुधारत असेल तर’ ही अट आहे: सेल्युलायटिस (त्वचेचा आणि तिच्याखालचा संसर्ग) पाच-सहा दिवस, मूत्रपिंडापर्यंत चढलेला लघवीचा संसर्ग सात, पोटातला पू पूर्ण काढला असेल तर त्यानंतर चार (२०१५ चा ‘स्टॉप-इट’ अभ्यास), रक्तात जंतू सापडले तरी बहुतेकांना सात. हे शेवटचं २०२४ च्या ‘बॅलन्स’ अभ्यासात पुन्हा दिसलं. सात देशांतले साडेतीन हजारांवर पेशंट त्यात होते, आणि सात दिवस चौदापेक्षा कमी पडले नाहीत.

पण त्या अभ्यासात स्टॅफ ऑरियस हा जंतू घेतलाच नव्हता, आणि इथेच मी एकदा तोंडावर पडले. एका काकांचा ‘सातवा दिवस झाला, थांबवू या’ म्हणून मी सरांच्या मागे लागले. सरांनी फाइल उलटून ब्लड कल्चरचा, म्हणजे रक्तात कुठला जंतू वाढला त्या तपासणीचा, कागद पुढे धरला: स्टॅफ ऑरियस. तिथे कमीत कमी चौदा दिवस, तेही इंजेक्शन. तेव्हापासून कल्चर बघितल्याशिवाय मी आकडा तोंडातून काढत नाही. हाडाचा संसर्ग, हृदयाच्या झडपेचा संसर्ग, टीबी, न काढलेला पू यांनाही हे गणित लावू नका.

ऑपरेशनवाले सगळ्यात अवघड. सिझेरियनला किंवा साध्या हर्नियाला चीर देण्याआधी तासाभरात सेफॅझोलिन हे अँटिबायोटिक इंजेक्शन गेलं की काम झालं. घरी गोळी लागत नाही. हे सर्जनला पेशंटसमोर सांगू नका, मी सांगून बघितलंय. त्याऐवजी एकच ऑपरेशन निवडा. आम्ही हर्निया घेतला आणि टाके काढायला आलेल्या प्रत्येकाची जखम कशी होती ते वहीत टिपलं. दोन महिन्यांनी वही सर्जन सरांपुढे ठेवली. त्यांनी ती चाळली, बोलले काही नाहीत, पण पुढच्या सोमवारच्या कार्डावर गोळी नव्हती.

लघवीच्या रिपोर्टचं थोडक्यात: कॅथेटर (लघवीची नळी) काढल्यावर ‘पस सेल्स’ (पुवाच्या पेशी) दिसले म्हणून गोळी लिहू नका. जळजळ, ताप काही नसेल तर सोडून द्या. गरोदर बाई आणि मूत्रमार्गाचं ऑपरेशन होणार असलेला पेशंट हे अपवाद.

कार्ड लिहिताना अँटिबायोटिकची जागा मोकळी सोडू नका. मोकळी जागा दिसली की गावातला डॉक्टर ‘राहिलं वाटतं’ म्हणून भरून टाकतो. आम्ही लिहितो: ‘अँटिबायोटिक सोमवार ते शुक्रवार, कोर्स इथेच पूर्ण. घरी नाही.’ गोळी द्यायचीच असेल तर ‘पाच दिवस’ न लिहिता शेवटच्या गोळीची तारीख लिहा आणि मेडिकलमधून मोजून तेवढ्याच द्यायला सांगा. कल्चर यायचं बाकी असेल तर ते बघून फोन कोण करणार, त्याचं नाव.

मग नातेवाईक. त्या न्यूमोनियाच्या आजोबांचा मुलगा कार्ड घेऊन माझ्याकडेच आला. “मॅडम, एवढं बिल झालं आणि साधी गोळी बी नाही व्हय?”

“दादा, औषध सलाईनमधून पूर्ण गेलंय. उरलं असतं तर दिलं असतं.”

“आणि परत ताप आला तर?”

हा प्रश्न खरा आहे, तो टाळू नका. ताप, दम किंवा गुंगी आली तर त्याच दिवशी परत या, एवढं मी कार्डाच्या मागे मराठीत लिहून दिलं आणि वॉर्डाचा नंबर टाकला. तिसऱ्या दिवशी मीच फोन केला. ताप नव्हता, जेवण चालू होतं. “पण खोकला हाय की अजून,” मुलगा म्हणाला, “इथल्या डॉक्टरनी पाच दिवसांची गोळी दिलीया.”

आता आमच्या न्यूमोनियाच्या कार्डावर एक ओळ वाढली आहे: ‘खोकला काही आठवडे राहू शकतो, फक्त तेवढ्यासाठी अँटिबायोटिक नको.’