व्हॅनिलाच्या शेंगा मुरवताना या चुका टाळा

गोव्यात फोंडा-सत्तरीकडच्या कुळागरांत, म्हणजे सुपारीच्या बागांत, पोफळीवर मिरीच्या वेलाशेजारी व्हॅनिलाचा वेल दिसला तर आता कुणाला नवल वाटत नाही. २००३च्या सुमारास मादागास्करच्या तुटवड्यामुळे भाव आभाळाला टेकले, तेव्हा केरळ-कर्नाटकात घरोघरी वेल लागले. दोन-एक वर्षांत भाव कोसळले आणि अनेकांनी ते उपटूनही टाकले. ज्यांनी राखले त्यांना हातपरागण जमतं, शेंगाही धरतात. घोडं अडतं ते काढणीनंतर.

कारण हिरव्या शेंगेला वासच नसतो. त्यात व्हॅनिलिन, म्हणजे सुगंध देणारं द्रव्य, साखरेला बांधलेलं असतं, ग्लुकोव्हॅनिलिन या रूपात. शेंगेतल्याच एका विकराने (एन्झाइमने) ती गाठ सोडवली की सुगंध मोकळा होतो. विकर आणि ग्लुकोव्हॅनिलिन शेंगेत वेगवेगळ्या जागी असतात. पेशी फुटल्याशिवाय त्यांची गाठ पडत नाही. पुढची सगळी उठाठेव त्यासाठी, आणि बहुतेक लोक तिला नुसतं ‘वाळवणं’ समजतात तिथेच बिघडतं.

कोवळी शेंग तोडणं

परागणानंतर शेंग आठ-नऊ महिने वेलावर राहायला हवी. लांबी पहिल्या दोन महिन्यांतच पुरी होते, म्हणून शेंग तयार वाटते, पण आत ग्लुकोव्हॅनिलिन पुरेसं साठलेलं नसतं. अशी शेंग पुढे कितीही मुरवा, सुगंध बेताचाच आणि बुरशी लवकर. टोक पिवळसर व्हायला लागलं की तोडा. संपूर्ण पिवळी होऊ दिलीत तर ती उभी चिरते. एका घोसातल्या सगळ्या शेंगा एकदम तयार होत नाहीत, तेव्हा रोज सकाळी फेरी मारायचा कंटाळा करू नका. मादागास्करमध्ये चोरीच्या भीतीने लोक शेंगा लवकर तोडतात म्हणून सरकार काढणीची तारीख जाहीर करतं. आपल्याकडे चोर नसले तरी घाई असते.

उकळतं पाणी

तोडलेली शेंग जिवंत असते. तिला गरम पाण्यात बुडवून थांबवायचं, पण पाणी ६३ ते ६५ अंशांचं हवं, आणि वेळ तीन मिनिटं. बारीक किंवा फुटलेल्या शेंगांना दोन पुरेत. उकळत्या पाण्यात टाकल्या तर विकरच मरतं आणि हाती उकडलेली, काळपट, गंधहीन शेंग येते. पाणी कोमट असेल तर शेंगेवर हिरवे पट्टे तसेच राहतात. बोट बुडवून अंदाज घेण्याच्या भानगडीत पडू नका, थर्मामीटर स्वस्त आहे. आणखी एक: मोठ्या टोपात भरमसाट शेंगा एकदम ओतल्या की पाणी झटकन थंड होतं. जाळीच्या टोपलीतून थोड्या थोड्या बुडवा, आकाराप्रमाणे आधी वेगळ्या करून.

पाण्यातून काढल्याबरोबर निथळा आणि गरम असतानाच घोंगडीत गुंडाळून झाकणाच्या पेटीत ठेवा. याला घाम काढणं म्हणतात. दुसऱ्या दिवशी शेंगा चॉकलेटी दिसल्या पाहिजेत. नसतील तर पेटी थंड पडली असं समजा.

दिवसभर ऊन

इथे गोव्यातले लोक हटकून चुकतात, कारण आमसुलांचा आणि मिरीचा सराव असतो. सकाळी पसरायचं, संध्याकाळी गोळा करायचं. व्हॅनिलाला दुपारचं दोन-तीन तासांचं ऊन पुरे. काळ्या घोंगडीवर पसरा, शेंगा हाताला चांगल्या गरम लागल्या की त्याच घोंगडीत गुंडाळून पेटीत टाका. आठ-दहा दिवस हेच. दिवसभर उन्हात ठेवल्या तर पाणी उडतं, पण विकराला काम करायला ओल उरत नाही. शेंग काडीसारखी कडक होते आणि सुगंध अर्धाच. त्यानंतर हवेशीर सावलीत, जाळीच्या मांडणीवर, तीन-चार आठवडे. काढणी नोव्हेंबर-डिसेंबरात झाली तर त्यावेळची कोरडी हवा तुमच्या बाजूने असते, मेपर्यंत रेंगाळलात तर नसते.

किती वाळलं हे वजनावरून ठरवा. पाच-सहा किलो हिरव्या शेंगांची एक किलो तयार शेंग होते. एक किलोचं २०० ग्रॅमच्या आसपास आलं की थांबा. शेंग बोटाभोवती गुंडाळता आली पाहिजे, मोडायला नको, आणि दाबल्यावर पाणीही सुटायला नको.

घाईने बरणीत भरणं

वाळलेली शेंग अजून तयार नसते. जुड्या बांधून बटर पेपरात गुंडाळा आणि बंद डब्यात दोन-तीन महिने मुरू द्या. तिखट, कच्चा वास या काळात बसतो, गोडवा वर येतो. आठवड्याला एकदा डबा उघडून प्रत्येक जुडी हुंगा. आंबूस किंवा कुबट वास आला की ती लगेच बाहेर काढा, कारण एक शेंग सगळा डबा नासवते. भुरी, दाटसर, मळकट पांढरी बुरशी असेल तर शेंग फेकून द्या. पुसून वापरायचा सल्ला मिळतो, मी तो मानत नाही. मात्र प्रत्येक पांढरं काही बुरशी नव्हे. उजेडात धरल्यावर सुयांसारखे चमकणारे बारीक कण दिसले तर ते व्हॅनिलिनचे स्फटिक आहेत, आनंदाने ठेवा.

पावसाळ्यातला साठा

जूनपर्यंत मुरवणं आटोपलं नाही तर काळजीच आहे. फ्रिज टाळा: शेंगा सुकतात, आणि बाहेर काढल्यावर दव धरून बुरशीला आमंत्रण मिळतं. पातळ प्लास्टिकच्या पिशव्याही नकोत. काचेची घट्ट झाकणाची बरणी, आत बटर पेपर, अंधारातलं थंड कपाट. पुरुमेंताचं, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेलं, सामान भरलेल्या खोलीत मात्र बिलकूल नाही. सुक्या बांगड्याशेजारी दोन महिने राहिलेली व्हॅनिला घालून केलेली खीर कुणी खाणार नाही.

आणि ज्या शेंगा जास्त सुकून कडक झाल्या, त्या फेकू नका. त्यांचा अर्क चांगला निघतो. गोव्यात त्या काजूच्या फेणीत घालायचा मोह होतो, पण फेणीचा वास व्हॅनिलाला गिळून टाकतो. साधी व्होडका घ्या, लिटरला १०० ग्रॅम शेंगा चिरून घाला, बाटली दोन-तीन महिने अंधारात ठेवा आणि आठवड्याला एकदा हलवत जा.